रुमालाखालचा हात

आमच्या भागातील एका बचतगट संघाच्या कर्ज-अर्जावर, बैलजोडीच्या खरेदीसंबंधी एक अट छापलेली आहे: ‘सदर खरेदी दलालामार्फत झालेली नसावी.’ अर्जदाराच्या सहीच्या किंवा अंगठ्याच्या नेमकी वर ही ओळ येते. ती लिहिणारी मंडळी सज्जन आहेत. त्यांतील काहींशी माझा वर्षानुवर्षांचा स्नेह आहे आणि रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या अंगणात याच ओळीवरून त्यांच्याशी माझे खटकेही उडाले आहेत. तोंडी वादात आवाज चढतो आणि मुद्दा राहून जातो, म्हणून हा लेखनप्रपंच. माझे म्हणणे असे की ही ओळ खोडली पाहिजे. ती गरिबाचे रक्षण करीत नाही. ती त्याला खोटे बोलायला लावते आणि ज्याच्यापासून त्याला वाचवायचे त्या दलालाला मात्र सर्व जबाबदारीतून मोकळे करते.

वसई, अर्नाळा, उत्तनकडील वाचकांना बैलाच्या दलालाची ही चर्चा परकी वाटण्याचा संभव आहे. त्यांनी बैलाच्या जागी जुनी होडी ठेवून पाहावी. नव्या रंगाखाली फळी कुजली आहे काय, इंजिनाने किती हंगाम काढले आहेत, होडीवर सोसायटीचे कर्ज शिल्लक आहे काय, मत्स्यव्यवसाय खात्यातील नोंद विकणाऱ्याच्याच नावाची आहे काय, हे प्रश्न जुनी होडी घेणाऱ्या कोळी बांधवाला पडतात. पावसाळी बंदीच्या दिवसांत शाकारून ठेवलेली होडी किनाऱ्यावर कितीही देखणी दिसली तरी पाण्यात ती कशी वागेल ते कळत नाही. बाजारात उभ्या असलेल्या बैलाचेही तसेच. नवी वस्तू घेताना तिच्यामागे निदान कारखानदाराचे नाव असते. जुन्या वस्तूमागे केवळ विकणाऱ्याचा शब्द. आणि नवा बैल अशी तर वस्तूच जगात नाही. गोठ्यात जन्मलेला गोऱ्हा सोडला तर बाजारातला प्रत्येक बैल कोणीतरी वापरलेला, कोणीतरी काही कारणाने काढून टाकलेला असतो. ते कारण काय, हाच सगळा प्रश्न.

नशिराबाद हे जळगाव-भुसावळ महामार्गावरचे आमचे गाव. जळगाव तालुक्याला इंग्रजी अमदानीत एकेकाळी नशिराबाद तालुका म्हणत, हे आता गावातल्या तरुणांनाही सांगावे लागते. काळी जमीन, कापूस, ज्वारी, पाणी असेल तेथे केळी. ट्रॅक्टर घरोघर नसले तरी गावोगाव झाले आहेत. नांगरटीला आता कोणी बैल जुंपत नाही असे म्हटले तरी चालेल. परंतु उभ्या कपाशीतली कोळपणी अजून बहुतेक बैलांवरच चालते आणि लहान शेतकऱ्याला वखरासाठी दर वेळी भाड्याचा ट्रॅक्टर परवडत नाही. तेव्हा ज्याच्याकडे दोन-चार एकर आहेत, किंवा ज्याने सालदारकी सोडून बटाईने जमीन धरली आहे, त्याच्या दृष्टीने बैलजोडी म्हणजे सगळे भांडवल. ती फसली की हंगाम फसला.

पूर्वी फसलेला सौदा थोडाफार निस्तरता येई. म्हातारा किंवा कुचकामी बैल बाजारात काढून त्या पैशांत भर घालून दुसरा आणता येई. मार्च २०१५ मध्ये बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर राज्यात बंदी आली. त्या कायद्याच्या बऱ्यावाईटात मी येथे शिरत नाही. पण कामाला न येणाऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरले नाही, हे शेतकऱ्याच्या अनुभवाचे सत्य आहे. म्हणजे चुकीचा बैल आता विकताही येत नाही, त्याला दावणीला बांधून वैरण घालावी लागते. एवढी जोखीम असताना आमची मंडळी त्याला सांगतात की, ज्याला बैल कळतो अशा माणसाला बरोबर घेऊ नकोस!

दलाल काय करतो ते आधी पाहू. सावदा, नेरी, वरखेडी असे गुरांचे बाजार आमच्या जिल्ह्यात प्रसिद्ध आहेत. तेथे दलाल मालकाजवळ जातो, खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकतो आणि रुमालाआड बोटे दाबून किंमत विचारतो. मग तोच हात, तोच रुमाल घेऊन तो घेणाऱ्याकडे येतो. तोंडाने मात्र ‘सोन्यासारखी जोडी आहे, भाऊ’ एवढेच चालू असते. समजा, मालकाच्या बोटांनी नव्वद हजार सांगितले आणि घेणाऱ्याच्या बोटांनी एक लाख पाच हजार कबूल केले, तर मधले पंधरा हजार कोठे गेले हे फक्त रुमालाला ठाऊक. त्याखेरीज दोन्हीकडून दलाली वेगळीच.

रुमालाच्या बाजूने एक चांगला युक्तिवाद आहे आणि तो मी टाळणार नाही. एका वृद्ध दलालाने तो मला ऐकवला होता. बैल विकायला आणणारा बहुधा नडलेला असतो: मुलीचे लग्न, दवाखाना, बँकेचा हप्ता. त्याने पडेल भावात जोडी दिली हे सगळ्या बाजाराला कळले तर गावात त्याची अब्रू जाते आणि सावकार दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो. रुमालामुळे त्याची नड झाकली जाते. या म्हणण्यात माणुसकी आहे. पण नड झाकायची असेल तर ती बाजारापासून झाकावी. घेणारा आणि देणारा या दोघांपासून एकमेकांची किंमत झाकण्याचे कारण काय? रुमाल अब्रूसाठी टाकला जातो आणि हिशेबासाठी वापरला जातो.

पवित्र शास्त्रात खरेदी-विक्रीचा एक जुना प्रसंग उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात आहे. सारेच्या दफनासाठी अब्राहामाने एफ्रोनाकडून मखपेलाचे शेत आणि गुहा घेतली. तो परदेशी, भूमिहीन, शोकात बुडालेला. नडलेला म्हणावा असाच. तरी सौदा झाला तो नगराच्या वेशीत, हेथी लोकांच्या देखत. चारशे शेकेल ही किंमत मोठ्याने बोलली गेली आणि चांदी सर्वांसमोर तोलून दिली गेली. आणि विशेष म्हणजे, अब्राहाम एफ्रोनाकडे परभारे गेला नाही. त्याने गावच्या लोकांनाच आपल्या वतीने शब्द टाकण्याची विनंती केली. मध्यस्थ होता, पण तो वेशीत उभा होता. अशा मध्यस्थीला शास्त्राने कोठेही नाव ठेवलेले नाही.

आमच्या मंडळींचा मुख्य आग्रह ‘थेट शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे’ हा. शब्द गोड आहेत. पण शेतकरी म्हणून विकणारा माणूस दलालाहून अधिक सत्यवादी असतो, हे त्यांनी कोठून काढले? नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात तर उलट, घेणाऱ्याचेच ढोंग चव्हाट्यावर मांडले आहे: घेताना माल वाईट म्हणून नाक मुरडायचे आणि घरी जाऊन स्वस्तात मिळाल्याची फुशारकी मारायची. खरेदी-विक्रीत दोन्ही बाजूंचा माणूस मोहात पडतो. त्याला धंद्याचे नाव काहीही असो.

आमच्याच घरचे उदाहरण देतो. १९८६ साली माझ्या थोरल्या काकांनी ओळखीच्या एका प्रतिष्ठित गृहस्थाकडून, दलालाला एक पैसा न देता, बैल घेतला. माघातली थंडी होती. सकाळच्या प्रहरी अर्धा तास वखराला चालवून पाहिला, उत्तम चालला. काका खूश होते. दलालाचे पैसे वाचल्याचे त्यांनी चार लोकांत सांगितले. चैत्रात ऊन तापले तेव्हा तो बैल दुसऱ्याच तासाला भर शेतात खाली बसला. शेपटी पिळली, पाणी पाजले, हाकारे घातले. तो ऊन उतरेपर्यंत उठला नाही. दुसऱ्या दिवशी तेच. बैल बसका होता आणि ही खोड त्याला पहिल्यापासून होती. काका त्या गृहस्थाकडे गेले तेव्हा त्यांनी अतिशय शांतपणे उत्तर दिले, “तुम्ही विचारलं कुठे? विचारलं असतंत तर मी काही लपवलं नसतं.” परतताना बाजारातला एक म्हातारा दलाल भेटला. त्याने बैल नुसता शिंगांवरून ओळखला. “दादा, हा बैल तीनदा फिरला आहे. सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. मला पंचवीस रुपये दिले असतेत तर मी सांगितलं असतं.”

ते पंचवीस रुपये मी आजवर विसरलेलो नाही. दलालाजवळ विकण्यासारखी जी वस्तू असते ती हीच: बाजाराची आठवण. कोणता बैल कोणाकडून कोणाकडे गेला, का गेला, कोणता मारका, कोणता बुजरा, कोणाचा खांदा आला होता, कोणाची शिंगे तासून तेल लावून वय लपवले आहे. दात तर मलाही पाहता येतात. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला, एवढे ज्ञान खेड्यात शाळकरी पोरालाही असते. पण दातांवरून वय कळते, स्वभाव कळत नाही.

त्या गृहस्थाच्या ‘विचारलं कुठे?’ या प्रश्नाला ख्रिस्तसभेच्या परंपरेत फार जुने आणि नेमके उत्तर आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ईशज्ञानाच्या महाग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक स्वतंत्र प्रश्न घेतला आहे. दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धातील सत्त्याहत्तरावा. त्यातील तिसऱ्या कलमात ते विचारतात की विकणाऱ्याने मालाचा दोष सांगितलाच पाहिजे काय? उदाहरण घोड्याचे आहे. तेराव्या शतकातल्या युरोपात बैलबाजारापेक्षा घोडेबाजार अधिक बदनाम असावा. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर तो दोष उघड आहे, किंमत त्या मानाने कमी घेतली तर तोंडाने सांगण्याचे बंधन नाही. पण दोष झाकलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल, लंगडा घोडा वेगवान म्हणून गळ्यात मारला जात असेल, तर न विचारताही सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. बसका बैल माघातल्या सकाळी विकणे म्हणजे नेमके हेच. अक्वायनसांच्या कसोटीवर आमचे प्रतिष्ठित गृहस्थ नापास होतात, आणि पंचवीस रुपये मागणारा दलाल, निदान त्या दिवसापुरता, पास होतो.

आता ज्यांच्यासाठी ही अट घातली त्यांच्याकडे वळू. काकांसारख्या पिढीजात शेतकऱ्याची ही गत, तर सातपुड्याच्या पायथ्याहून सालदार म्हणून आलेल्या, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची जोडी घेणाऱ्या भिल्ल किंवा पावरा कुटुंबाची काय? बाजारात त्यांची ओळख नाही, भाषा निराळी, पैसा कर्जाऊ. संत लूक यांच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात मेजवानीचे निमंत्रण नाकारणारा एक इसम आहे. त्याने बैलांच्या पाच जोड्या विकत घेतल्या आहेत आणि आता त्या पारखायला तो निघाला आहे. आपले धर्मगुरू त्याच्या लोभावर प्रवचन देतात ते योग्यच. पण शेतकऱ्याच्या कानाला त्यात आणखी एक गोष्ट खटकते. गृहस्थाने आधी घेतल्या आणि मग पारखायला निघाला! पाच जोड्या घेणाऱ्याला हा मूर्खपणा परवडतो. एकच जोडी घेणाऱ्याला परवडत नाही. त्याला पारखी माणूस सौद्याआधीच हवा आणि तो फुकट मिळत नसेल तर पैसे देऊन हवा.

अट काय घडवते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. एका तरुणाचे कर्ज मंजूर झाले. अर्जावरील ओळ त्याला वाचून दाखवण्यात आली. तो बाजारात एकटा गेला. तेथे दलालाने त्याची अडचण एका क्षणात सोडवली: “घाबरू नकोस, मी माझ्या नावावर विकतो.” पावतीवर विकणारा म्हणून दलालाचेच नाव पडले. मूळ मालक दुसऱ्या तालुक्यातला, तो पैसे घेऊन केव्हाच गेला होता. कागदोपत्री दलाल कोठेच नाही. अट तंतोतंत पाळली गेली! पंधरा दिवसांत जू ठेवताच एका बैलाचा खांदा सुजला. जुनी खांदेसूज होती, विश्रांती देऊन बसवलेली. तरुण दलालाकडे गेला तेव्हा त्याला उत्तर मिळाले, “मी कुठे दलाल होतो? मी मालक, मी विकला, तू पाहून घेतलास.” आणि संघाकडे तक्रार कोणत्या तोंडाने न्यावी? दलाल नव्हता असा अंगठा त्याने स्वतःच उठवलेला. त्याने हप्ते भरले. त्या वर्षीची कोळपणी त्याने शेजाऱ्याच्या जोडीवर, त्याच्या शेतात मजुरी करून फेडीत केली.

‘दलाल नको’ या नियमाने दलाल गेला नाही, तो हेडी झाला. दलालाला निदान ‘तू कोणाचा माणूस?’ असे विचारता येते. स्वतः घेऊन स्वतः विकणाऱ्या हेड्याला तेही विचारता येत नाही. बाजार बंद केला तरी दलाल जात नाही, हेही आपण पाहिले आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये रावेर तालुक्यातील चिनावल येथे लम्पी चर्मरोगाची जनावरे आढळली आणि सप्टेंबरात राज्यभरचे गुरांचे बाजार बंद झाले. मेलेल्या बैलामागे सरकारने पंचवीस हजार रुपये दिले. तेवढ्यात दुसरा बैल येत नाही हा भाग वेगळा. पण त्या महिन्यांत ज्याला बैल हवा होता त्याने काय केले? बाजार नसल्यामुळे कोणाच्या गोठ्यात काय आहे हे फक्त दलालालाच माहीत होते. आमच्याकडे तेव्हा त्याचा शब्द कधी नव्हे एवढा चालला, आणि तोही चार लोकांच्या नजरेआड.

मग दलालाला मोकाट सोडावे काय? मुळीच नाही. माझा रोष त्याच्या असण्यावर नाही, त्याच्या दोन्हीकडे असण्यावर आहे. दोन धन्यांची चाकरी एकाला साधत नाही हे प्रभूचे वचन आपण धनाच्या संदर्भात शिकवतो. बैलबाजारात ते अगदी अक्षरशः लागू पडते. कायद्यालाही हे ठाऊक आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील २१५ आणि २१६ ही कलमे सांगतात की मुखत्याराने धन्याच्या नकळत त्याच व्यवहारात स्वतःचा सौदा घुसवला तर परिस्थितीनुसार धनी तो व्यवहार नाकारू शकतो किंवा त्यातला नफा मागून घेऊ शकतो. परंतु हा हक्क सांगायचा तर आधी दलाल हा दलाल म्हणून कागदावर असावा लागतो. आमच्या अर्जाने त्याला कागदावरूनच पुसले आहे.

यावर दोन हरकती येतात. पहिली, दलाल कधी प्रामाणिक असतो काय? मी म्हणतो, प्रामाणिकपणा त्याच्या पोटात शोधू नये, पैशाच्या वाटेत शोधावा. ज्याला फक्त घेणाऱ्याकडून, ठरलेली, सर्वांसमोर बोललेली रक्कम मिळते त्याला महाग सौद्यात रस राहत नाही. दुसरी हरकत, गरिबाला ही दलाली परवडेल कशी? ती आजही तोच देतो आहे. फक्त किती देतो ते त्याला माहीत नाही. आणि राग न मानता एक गोष्ट सांगू द्या. ही अट लिहिणाऱ्या मंडळींनी जळगावात प्लॉट घेतले ते दलालामार्फत, जुन्या गाड्या घेतल्या त्या दलालामार्फत, आणि त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटले नाही. शिकलेल्या माणसाचा दलाल हा सल्लागार आणि अशिक्षिताचा दलाल हा जळू, हा भेद शुभवर्तमानात कोठे आहे?

त्या एका ओळीच्या जागी काय लिहावे हेही मी सुचवतो. दलाल असल्यास त्याचे नाव, त्याला कोणी किती पैसे दिले ते, आणि त्याने दुसऱ्या बाजूकडून काही घेतले नाही अशी त्याची सही. किंमत रुमालाबाहेर, मूळ मालक आणि घेणारा समोरासमोर असताना, दोन साक्षीदारांच्या देखत बोललेली. मालकाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेल्या खोडी. ‘काही नाही’ म्हणाला तर तेही शब्द तसेच. जोडी दुपारच्या उन्हात जुंपून पाहिल्याची नोंद. आणि संघाने कर्जातली काही रक्कम आठ दिवस हातात ठेवावी, बैलाचा खांदा आणि स्वभाव कळेपर्यंत. विकणारे याला तयार होणार नाहीत असे मला सांगण्यात आले. काही होणार नाहीत, हे खरे. जे होणार नाहीत त्यांचे बैल आपण कशाला घ्यावेत?

संघाची सभा आखाजीपूर्वी आहे. सालदारांची साले आखाजीला ठरतात आणि मृग लागण्याआधी ज्याला जोडी घ्यायची तो त्या सुमारास बाजाराकडे निघतो. म्हणून हा विषय पावसाळ्यानंतर घेऊ, असे म्हणून चालणार नाही. चिटणीसांची हरकत अशी की जुने अर्ज बरेच शिल्लक आहेत आणि नवे छापायला खर्च येईल. नवे छापू नयेत. त्या ओळीवर रेघ मारायला मी सभेला पेन आणि पट्टी घेऊन येतो.